पावलांचे कागद



सरांच्या नावाच्या या व्याख्यानमालेत आजवर प्राध्यापक बोलले, संपादक बोलले, एकदा निवृत्त न्यायमूर्तीही बोलून गेले. मी परिचारिका आहे. पस्तीस वर्षं विदर्भातल्या एका कुष्ठधामात जखमा धुण्याचं आणि पट्ट्या बांधण्याचं काम केलं. कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. ते म्हणाले, "सिस्टर, विषय तरी ऐकून घ्या. देवधर्म न मानणाऱ्या माणसाच्या मनात दुसऱ्याबद्दल माया असू शकते का? की माया, करुणा हे सगळं शेवटी श्रद्धेच्याच झाडाला लागतं?" विषय ऐकला आणि मी हो म्हटलं. कारण हा प्रश्न मला पहिल्यांदा सरांनीच विचारला होता. त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. मी तेव्हा त्यांना दिलेलं उत्तर चुकीचं होतं, आणि ते दुरुस्त करायला याहून योग्य जागा मला मिळणार नाही.

१९८१ चा उन्हाळा होता. शाळांना सुट्टी लागली की सर एसटीने आमच्याकडे यायचे. ड्रेसिंगच्या खोलीबाहेर एक ओटा होता. त्या ओट्यासमोर सर गुडघे टेकून बसलेले, समोर एका आजोबांचा पाय, पायाखाली वर्तमानपत्राचा कागद, आणि सर पेन्सिल अगदी उभी धरून त्या पावलाभोवती रेघ काढताहेत. पेन्सिल तिरकी झाली तर माप कमी-जास्त होतं, म्हणून ते श्वास धरून काढायचे. रेघ पूर्ण झाली की पाय उचलायला सांगायचे, तळव्याला जिथे जखम असेल ती जागा बघायचे आणि कागदावर तिथे एक फुली मारायचे.

हे कशासाठी, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. कुष्ठरोगाचे जंतू नसांवर हल्ला करतात. माणसाचा तळवा, तळहात बधिर होतो. बोटं झडतात असं लोक म्हणतात, पण ती रोगाने आपोआप गळून पडत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस त्या बोटांना जपत नाही, आणि न जपल्यामुळे ती जातात. काटा रुतला, कळत नाही. चपलेचा खिळा वर आला, कळत नाही. चुलीतला निखारा पायाखाली आला तरी वास आल्यावर कळतं. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. अशा पायाला मऊ रबराची चप्पल लागते. आम्ही तिला एमसीआर म्हणतो. आतून मऊ, खालून टणक, मागे पट्टा, आणि खिळा एकही नाही. पण कुणाची दोन बोटं नाहीत, कुणाचं पाऊल वाकडं झालेलं. दुकानातलं माप त्यांच्या कामाचं नसतं. प्रत्येक पावलाचं माप वेगळं काढावं लागतं. सर गणिताचे शिक्षक. ते मापं काढायचे, आमचा चांभारकाम करणारा माणूस चपला बनवायचा, आणि दरवर्षी काही जोडांचे पैसे सर स्वतःच्या पगारातून द्यायचे.

त्या दिवशी आजोबा गेले, सरांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि मला विचारलं, "सिस्टर, देव नसता तर तुम्ही इथे आला असता का?"

मी चोवीस वर्षांची होते. घर माळकऱ्यांचं. वडील दरवर्षी आषाढीला पायी जायचे. मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "नाही, सर. देव नसता तर मी ही जखम धुऊच शकले नसते." सर देव मानत नव्हते हे मला माहीत होतं. तरीही मी ते त्यांच्या तोंडावर बोलले. ते काही म्हणाले नाहीत. त्यांनी पुढच्या आजींना हाक मारली आणि नवीन कागद पसरला.

माझ्या उत्तरातला खोटेपणा माझ्या समोरच गुडघ्यावर बसला होता, आणि तो मला दिसला नाही. मी माझ्याबद्दल खरं बोलत होते. पहिल्या दिवशी जखमेच्या वासाने मला कडुनिंबामागे जाऊन उलटी झाली होती, आणि परत येऊन ट्रे हातात घेताना मी विठ्ठलाचं नाव घेतलं होतं. त्या नावाने माझे हात स्थिर झाले, हे मी आजही नाकारणार नाही. चूक झाली ती एवढीच की, माझा आधार तोच सगळ्यांचा आधार असला पाहिजे असं मी धरून चालले.

आमच्या खोलीत तेव्हा चार जण काम करायचे. केरळातून आलेल्या एक ख्रिस्ती सिस्टर होत्या. ड्रेसिंग सुरू करण्याआधी त्या डोळे मिटून प्रार्थना म्हणायच्या. कंपाउंडर भाऊंच्या घरच्यांनी १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. डॉक्टर कशावरच विश्वास न ठेवणारे; देवळात नाहीत, मशिदीत नाहीत, सणावारालाही नाहीत. आणि मी. पायाची जखम आधी वीस मिनिटं पाण्यात भिजवायची असते, मग घट्टे खरवडायचे, मग तेल. पाणी किती गरम आहे हे रुग्णाला कळत नाही, त्याचा पाय पोळून निघाला तरी त्याला समजत नाही. म्हणून पाणी आधी आपल्या कोपराला लावून बघायचं. आम्ही चौघं ते बघायचो. दुसऱ्याची कातडी जिथे मेलेली आहे तिथे आपली कातडी वापरायची, एवढंच ते काम. प्रार्थना म्हणणारं कोपर आणि न म्हणणारं कोपर यांत पाण्याला फरक कळत नव्हता.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात एक आजी दाखल झाल्या. चंद्रपूरकडच्या. घरच्यांनी त्यांना तीन वर्षं गोठ्यात ठेवलं होतं. ताटली वेगळी, गडू वेगळा, नातवंडांना जवळ यायची बंदी. मग एके दिवशी आठवडी बाजाराला म्हणून घेऊन आले आणि तिथेच सोडून गेले. आजींच्या गळ्यात तुळशीची माळ होती, माझ्या वडिलांच्या गळ्यात होती तशीच. मी त्यांची जखम धूत होते आणि त्या मला समजावत होत्या, जणू माझंच सांत्वन करायचं होतं. म्हणाल्या, "मागच्या जन्मी म्या कोनाचं तरी लय वाईट केलं असंन, माय. म्हणून हे भोगून राह्यली. पोरायचा काई दोस नाई."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या देवाच्या नावाने मी ती जखम धूत होते, त्याच देवाच्या नावाने त्यांच्या घरच्यांनी त्यांना गोठ्यात टाकलं होतं, आणि त्याच देवाच्या न्यायावर भरवसा ठेवून आजी ते सगळं बरोबर आहे असं मानत होत्या. श्रद्धा एकच. माझ्या हातात ती मलमपट्टी झाली होती, त्यांच्या गावात गोठ्याची कडी झाली होती. मग माया कुठून येते, या प्रश्नाला 'श्रद्धेतून' एवढंच उत्तर कसं पुरेल?

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की, ही कडी फार जुनी आहे. कोणत्या घराण्यातली मुलगी करू नये याची यादी मनुस्मृतीत आहे, आणि त्या यादीत कुष्ठ असलेलं कुळ आहे. हा रोग म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचं फळ, हे धर्मग्रंथांतून कीर्तना-प्रवचनांत आणि तिथून गोठ्यापर्यंत पोचलं. युरोपातही वेगळं नव्हतं. मध्ययुगात काही ठिकाणी रुग्णाला गावाबाहेर काढताना पाद्री त्याच्यावर जिवंतपणीच मृताचे संस्कार करायचे, अंगावर माती टाकायचे, आणि तो जगाला मेला असं जाहीर करायचे. नॉर्वेतल्या बर्गेन शहरात हान्सेन या डॉक्टराने १८७३ मध्ये या रोगाचा जंतू दाखवला. पापाचा आणि या रोगाचा काहीही संबंध नाही हे त्या दिवशी ठरलं. आमच्या आजींपर्यंत ती बातमी एकशेआठ वर्षांनीही पोचली नव्हती.

इथे थांबून मी म्हणू शकले असते की, बघा, धर्मानेच हे क्रौर्य शिकवलं. धर्म बाजूला करा म्हणजे माणूस दयाळू होईल. आमच्या डॉक्टरांचं काही वर्षं हेच मत होतं. पण ते खरं नाही, आणि तेही आमच्याच रोगाने मला दाखवलं. आपल्याकडे १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. ज्यांना कोणत्याही धर्माच्या विधीशिवाय लग्न करायचं आहे, त्यांच्यासाठी केलेला. त्या कायद्यातही नवरा किंवा बायको यांना कुष्ठरोग झाला तर घटस्फोट मागता येईल असं कलम होतं. हिंदू विवाह कायद्यात होतं, मुस्लिम स्त्रियांच्या घटस्फोटाच्या कायद्यात होतं, ख्रिस्ती लोकांच्या कायद्यात होतं, आणि देवाचं नाव नसलेल्या या कायद्यातही होतं. बहुविध औषधोपचार १९८० च्या दशकात आले. त्यांनी रोग पूर्ण बरा होऊ लागला, औषध सुरू झालं की संसर्ग थांबतो हे कळलं, तरी ती कलमं जागची हलली नाहीत. ती या चारही कायद्यांतून निघाली २०१९ मध्ये. मधल्या काळात किती बायका माहेरी धाडल्या गेल्या असतील? मी त्यांतल्या कितीतरी जणींच्या जखमा बांधल्या आहेत. त्यांना बाहेर काढताना कुणी पोथी उघडली नव्हती, वकिलाने कलम दाखवलं होतं.

आता दुसरी बाजू, आणि ती मला मनापासून सांगायची आहे, कारण सरांच्या नावाच्या व्यासपीठावर श्रद्धावंतांवर अन्याय झालेला सरांनाही चालला नसता. या देशात कुष्ठरुग्णांसाठी पहिल्या खाटा कुणी टाकल्या? बऱ्याच ठिकाणी श्रद्धेनेच टाकल्या. वेलस्ली बेली नावाचा आयरिश माणूस १८६९ मध्ये अंबाल्याला शिक्षक म्हणून आला होता. तिथे त्याने कुष्ठरुग्णांच्या झोपड्या बघितल्या आणि १८७४ मध्ये त्याने त्यांच्यासाठी मिशन सुरू केलं. त्या मिशनच्या दवाखान्यांनी आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या काम केलं आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण १९३६ मध्ये जाऊन बसले. तेव्हा हातात औषध जवळजवळ नव्हतंच. होता तो फक्त चालमोगऱ्याच्या तेलाचा भरवसा. तरीही ते तिथे राहिले.

आणि दत्तपूरपासून जवळच सेवाग्राम. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे मोठे विद्वान, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या बरोबर होते. त्यांना कुष्ठ झालं. १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी ते रोज त्यांच्या अंगाला मालीश करायचे. ते छायाचित्र तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलं असेल. खाली बसलेले गांधीजी आणि समोर शास्त्रीबुवा. सत्तरीचा माणूस, देशाचं एवढं काम डोक्यावर, आणि रोज मालीशला वेळ. हे त्यांच्या रामनामाशिवाय झालं असतं का? गांधीजींपुरतं तरी मी म्हणेन, नसतं झालं. त्यांचे हात आणि त्यांचा राम वेगळे काढता येत नाहीत.

पण त्याच सेवाग्रामात, त्याच गांधीजींकडे १९४४ मध्ये गोरा आले. गोपराजू रामचंद्र राव, आंध्रातले. पक्के निरीश्वरवादी. देव मानत नाही म्हणून कॉलेजातली नोकरी गमावलेली, मग मुदुनूर नावाच्या खेड्यात १९४० मध्ये नास्तिक केंद्र काढून अस्पृश्यता मोडायला बसलेले. सहभोजनं करायचे, दलित वस्तीत राहायचे. या माणसाला गांधीजींनी जवळ बसवून तासन्‌तास बोलतं केलं. त्या भेटींची हकिगत गोरांनी पुढे पुस्तकात लिहिली, आणि ते पुस्तक गांधीजींच्याच नवजीवन प्रकाशनाने १९५१ मध्ये छापलं. गोरांना आपल्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी लावायचं होतं. गांधीजी म्हणाले, आश्रमात लावू. आणि लग्नविधीत ईश्वराचं नाव येतं त्याचं काय, यावर त्यांनी स्वतःच तोड काढली की, ईश्वराच्या जागी सत्याचं नाव घेऊ. जो माणूस 'ईश्वर हेच सत्य' म्हणता म्हणता १९३१ च्या सुमाराला 'सत्य हाच ईश्वर' म्हणू लागला होता, त्याला हे जड गेलं नाही. लग्न झालं १९४८ च्या मार्चमध्ये, सेवाग्रामलाच. गांधीजी तेव्हा नव्हते. जानेवारीच्या ३० तारखेला त्यांना मारलं होतं, आणि मारणाऱ्याला आपण धर्माचं काम करतो आहोत असंच वाटत होतं.

मी ही हकिगत पुन्हा पुन्हा वाचते. आंध्रातला नास्तिक आणि सेवाग्रामचा रामभक्त एका मांडवाची तयारी करताहेत, आणि दोघांनाही जे हवं आहे ते एकच: एका मुलाला आणि एका मुलीला जातीच्या पलीकडे माणूस म्हणून जगता यावं. देवाचं नाव घ्यायचं की नाही हा त्यांच्यातला वाद खरा होता, दोघंही त्यावरून हटले नाहीत. पण मांडव त्या वादावर अडला नाही.

त्याच भागातले बाबा आमटे. वरोऱ्याला वकिली करणारा धडधाकट माणूस. एका पावसात त्यांना रस्त्याकडेला तुळशीराम दिसले, बोटं गेलेली, अंगात अळ्या पडलेल्या, आणि बाबा घाबरून घरी पळाले. ही गोष्ट बाबांनी स्वतः जगाला सांगितली, लपवली नाही. मग ते परत गेले. त्यांना परत नेणारी गोष्ट त्यांच्याच सांगण्यावरून आपल्याला कळते, आणि तिच्यात पुण्याची भाषा नाही. आपण घाबरलो, याचीच त्यांना भीती वाटली. जिथे भीती आहे तिथे प्रेम कसं राहील, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे ते कलकत्त्याला जाऊन हा रोग शिकले. प्रयोगासाठी जंतू टोचायला स्वतःचं शरीर द्यायलाही तयार झाले. १९४९ मध्ये संस्था काढली. सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये घेऊन आनंदवन उभं राहिलं, हे आता आपल्याकडे पाठ्यपुस्तकासारखं पाठ झालं आहे. पण ते पुन्हा एकदा सावकाश ऐकावं. बाबांनी दगडाधोंड्यांत श्रमालाच देवाची जागा दिली. २००८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना आनंदवनाच्या मातीत पुरलं.

कंपाउंडर भाऊंनी मला एकदा जखम धुता धुता एक गोष्ट सांगितली होती. विनयपिटकात आहे. बुद्ध आनंदाबरोबर विहारात फिरत असताना त्यांना एक भिक्खू दिसला. हगवण लागलेली, आपल्याच घाणीत पडलेला. बुद्धांनी विचारलं, तुझी शुश्रूषा कुणी करत नाही का? तो म्हणाला, मी कुणाच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कुणी येत नाही. मग बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदाने धुतलं, एकाने डोकं धरलं, एकाने पाय, आणि दोघांनी त्याला उचलून खाटेवर ठेवलं. नंतर भिक्खूंना बोलावून सांगितलं की, तुम्हाला इथे ना आई ना बाप. तुम्हीच एकमेकांना बघितलं नाहीत तर कोण बघणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. भाऊ गोष्ट संपवून म्हणाले, "सिस्टर, यात देव कुठेच नाही, बघा." बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांच्या धम्मावर जो ग्रंथ लिहिला, तो त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आला. त्यात त्यांनी हेच मांडलं आहे की, इतर धर्मांत देवाची जी जागा, तीच धम्मात नीतीची. मला मात्र त्या गोष्टीतला भिक्खूचा शब्द सोडत नाही: उपयोगाचा नाही. आमच्या आजींच्या घरचेही तेच म्हणाले असतील. आणि त्या विहारात राहणारे सगळे धार्मिकच तर होते! दिवसभर ध्यान करणारे, धम्म ऐकणारे. ते त्या दाराशी थांबत नव्हते.

थांबण्यावरून आठवलं. सरांनीच मला हे दाखवलं होतं. मानसशास्त्राच्या एका पुस्तकातलं पान, झेरॉक्स करून आणलेलं. अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारे चाळीस विद्यार्थी होते. डार्ली आणि बॅट्सन या दोन संशोधकांनी १९७३ मध्ये त्यांच्यावर केलेला प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. त्यातल्या निम्म्यांचा विषय होता बायबलमधल्या, जखमी परक्यासाठी वाटेत थांबलेल्या त्या दयाळू शोमरोनी वाटसरूची गोष्ट. वाटेत बोळात एक माणूस वाकून, कण्हत, खोकत पडलेला, तो प्रयोगातलाच. कोण थांबलं? ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं, त्यांतले शंभरात त्रेसष्ट थांबले. थोडी घाई असलेल्यांतले पंचेचाळीस. आणि 'तुम्हाला उशीर झालाय, पळा' असं सांगितलेल्यांतले दहा. भाषणाचा विषय कोणता होता, श्रद्धा कशी होती, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईने.

मी ते वाचून रडले होते. त्या मुलांचा राग आला म्हणून नव्हे. मला माझे दिवस आठवले, जेव्हा ओपीडीत रांग लागायची आणि मी पाणी कोपराला न लावता पुढे सरकवायचे. एकदा त्यातून एका बाईंचा पाय पोळला. त्या मला म्हणाल्या, "राहू द्या सिस्टर, मले कुठं दुखते." त्या दिवशी मी सकाळी हरिपाठ म्हणून आले होते. हरिपाठ खोटा नव्हता. माझं लक्ष माझ्या घड्याळात होतं.

तर मित्रहो, सरांच्या प्रश्नाचं माझं आजचं उत्तर असं आहे. माया श्रद्धेवर अवलंबून नाही. ती फार जुनी आहे. पाळण्यातलं पोर दुसऱ्या पोराच्या रडण्याने रडतं, तेव्हा त्याला कोणता धर्म ठाऊक असतो? पण ती कशावरच अवलंबून नाही असंही मला म्हणता येत नाही. तिला वेळ लागतो. जवळ जाणं लागतं, वासासकट. रोजचा सराव लागतो, आणि आपल्याला मागे न खेचणारी चार माणसं लागतात. श्रद्धेने हे शेकडो वर्षं लोकांना पुरवलं: प्रार्थनेची वेळ, वारीतली सोबत, धर्मशाळेचा आडोसा, आजाऱ्याकडे जायचा नेम. केरळातल्या सिस्टर दिवाळीतही सुट्टीवर जात नसत, कारण त्यांच्या मठाचा तसा नियम होता, आणि त्या नियमामुळे आमच्या कितीतरी रुग्णांच्या जखमा सणात चिघळल्या नाहीत. म्हणून ज्यांनी देव सोडला आहे, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की, देव सोडताना तो नेम सोडू नका. दुसरा बांधा. डॉ. श्रीराम लागू, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासारख्या देव न मानणाऱ्यांनी नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, कार्यकर्त्यांच्या घरात महिन्याला काही पैसे जावेत म्हणून. तो तसा बांधलेला नेम आहे. आणि ज्यांनी देव ठेवला आहे त्यांनाही सांगणं आहे: तुमच्या पोथीतला एखादा शब्द जर कुणाला गोठ्यात टाकत असेल, तर तो शब्द ही बधिर झालेली जागा आहे. तिथे दुखत नाही, म्हणूनच तिथे जखम आहे का ते रोज बघावं लागतं. आम्ही रुग्णांना हेच शिकवतो. रोज संध्याकाळी पाय वर घ्या, तळवा उलटा करा, दिसत नसेल तर आरसा धरा.

सरांच्या बैठकीत समाजसुधारक आगरकरांचं छायाचित्र होतं, ते पाहिलेले इथे अनेक जण आहेत. चाळिशीही न गाठता १८९५ मध्ये गेलेला माणूस. पुण्यातल्या लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती, धर्म बुडवला म्हणून. ते गेले तेव्हा उशाशी एक पुरचुंडी सापडली असं सांगतात, आपल्या अंत्यविधीचा खर्च कुणावर पडू नये म्हणून बांधून ठेवलेली. सर ही गोष्ट वर्गात सांगायचे आणि तिच्यावर काहीही भाष्य करायचे नाहीत. मी एकदा त्यांना विचारलं होतं, "सर, देव नाही, पुण्य नाही, पुढचा जन्म नाही, मग तुम्ही दर मे महिन्यात उन्हातान्हात हे का करता?" त्यांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. म्हणाले, "माप चुकलं तर जखम होते ना."

सरांच्या पत्नी, म्हणजे आपल्या काकू, यांचं सगळं वेगळं. पहाटे उठून सोवळ्यात पूजा, एकादशी, चातुर्मासाचे नेम. त्यांच्या पूजेची फुलं रोज सर आणायचे. प्राजक्ताखाली वाकून एक एक वेचायचे, देठ मोडू न देता, आणि तबकात ठेवून देवघराच्या उंबऱ्यापाशी ठेवायचे. आत जायचे नाहीत. एवढी वर्षं दोघांनी एकमेकांना बदलायचा प्रयत्न केल्याचं मी पाहिलं नाही.

सर जाऊन नऊ वर्षं झाली. व्याख्यानाची तयारी करायची म्हणून गेल्या महिन्यात मी काकूंकडे गेले. काकू, तुम्ही परवानगी दिलीत म्हणून सांगते. मी विचारलं, सरांच्या कपाटातली ती मापं अजून आहेत का? चपला तयार झाल्यावरही सर ते कागद टाकून देत नसत. पुढच्या वर्षी जखम कुठे सरकली हे त्यांना ताडून बघायचं असायचं. तीसएक वर्षांचे कागद, पिवळे पडलेले, कडा झिजलेल्या, कुणाचंही नाव नसलेले.

काकू मला देवघरात घेऊन गेल्या. पितळेच्या पादुका असतात त्यांच्या शेजारी, पाटावर, सुती दोऱ्याने बांधलेला तो गठ्ठा होता. मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "पावलंच आहेत ना गं. दुसरीकडे कुठे ठेवू?" मी वाकून बघितलं. सगळ्यात वरचा कागद एका लहान पावलाचा होता, अंगठ्याशेजारची दोन बोटं नसलेल्या. टाचेवर सरांची पेन्सिलीची फुली होती, आणि फुलीच्या शेजारी त्या सकाळचं ताजं कुंकू.